ओटीचा नारळ घरी परत आला

मैत्रिणींनो, आज पहाटे कोकणातून सोलापूरला परतले आणि दुपारपासून मन कशातच लागत नाहीये.

गल्लीतल्या आम्ही बायकांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून काल दिवसभर समुद्रकाठचा रस्ता पालथा घातला. सोबत माझ्या सासूबाई होत्या. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार होत्या. त्याची ओटी भरायची म्हणून गावाकडून, होटगीहून, खण-नारळ घेऊन आलेल्या.

प्रत्येक किनाऱ्यावर मी त्यांना म्हणायचे, "आत्या, हितं उतार लई आहे. तुम्ही पिशव्यांपाशी बसा, पुढं उतरू की." आणि स्वतः फोटोला पळायचे. पुढं पुढं करत अंधार पडला आणि गाडी घाटाला लागली. खण-नारळ त्यांच्या पिशवीतच राहिला.

आज दुपारी पानात ओल्या खोबऱ्याची चटणी दिसली.

"तोच नारळ फोडला. वाया कशाला घालवायचा?" असं म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि सहज विचारलं, "तू पाण्यात उतरलीस की. खरंच खारट आसतं व्हय गं?"

मी पाय बुडवून ढीगभर फोटो काढलेत. चव घेऊन बघायचं सुचलंच नाही.

तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?