डोंगरले नावं ठेवू नको

खापरच्या बाजारात रज्जाकचाचाच्या दुकानी न लागणारा फोन घेऊन गेलं, की तो फोनला हातच लावायचा नाही. चष्म्यावरून माणसाकडे बघायचा आणि खेकसायचा, "कोठे उभा राहीसन बोलस?" माणूस गडबडून जायचा. आला होता फोन दाखवायला, आणि हा करतोय घराची चौकशी. घरात बोलता की ओट्यावर? घरावर पत्रा आहे की कौलं? फोन कुठल्या खिशात असतो? सगळी उत्तरं झाली की हुकूम सुटायचा, "कव्हर काढ!" निघालेलं कव्हर चाचा पायाशी ठेवलेल्या रिकाम्या तेलाच्या डब्यात फेकायचा. गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. करू दे. चाचाला कुणाच्या तोंडाचं काही पडलेलं नव्हतं.

मी त्याच तालुक्यात, वर डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. मूळची म्हसावदची. माझा स्वभाव काही गोड नाही, माझ्या सासूला विचारा. त्यामुळे आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. "सिस्टर, तुन्हा आवाज इतला मोठा शे, तुले फोन कसाले पाहिजे?" हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी म्हटलं, "चाचा, तुमच्या तोंडाला का नाही एखादं कव्हर बसवत?" तो हसला नाही, पण चहा मात्र मागवला. त्यानंतर दर बाजाराला त्याच्या बाकड्यावर पाच मिनिटं टेकायची मला सवय लागली.

दुकान म्हणजे काय, कपाटाएवढी टपरी. आधी चाचा रेडिओ दुरुस्त करायचा. मग टीव्ही आले तेव्हा लोकांच्या छपरांवर चढून अँटेना फिरवायचा. अशाच एका छपरावरून पडला आणि उजवा पाय कायमचा आखूड झाला. मोबाइल आले तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे होता. तरी शिकला. कुणाला विचारून नाही, उघडून उघडून शिकला. पण स्क्रू काढायचा पेचकस हातात घ्यायचा तो सगळ्यांत शेवटी. "आधी जागा दख, मंग सिम दख, मंग कव्हर दख. पेचकस शेवट," हे तो इतक्या वेळा म्हणायचा, की समोरच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं.

एकदा माझ्यासमोर डोंगरातला एक माणूस आला. पावसाचे दिवस होते. त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्याचं झाकण उघडलं, आतली प्लास्टिकची पिशवी सोडली आणि तिच्यातून फोन बाहेर काढला. म्हणाला, रस्त्यानं येताना कुणाचा फोन लागत नाही, भिजू नये म्हणून असा ठेवतो. चाचाचा चेहरा लाल झाला. "आरे, हाऊ फोन शे का भाकर शे? डबामा कोंडीसन ठेवशी, तं त्याले हाक कशी ऐकू येई?" त्यानं फोन परत डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि स्वतःच्या फोनवरून लावून दाखवला. लागेना. झाकण काढलं, पुन्हा लावला, तर डबा वाजायला लागला. तो माणूस खळखळून हसला. चाचानं डबा त्याच्या हातात कोंबला आणि सांगितलं, "यामा भाकर ठेव. फोन प्लास्टिकमा ठेव." पैसे घेतले नाहीत, कारण दुरुस्त काही केलंच नव्हतं. शिव्या तेवढ्या फुकट दिल्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझं डोकं अजून फिरतं.

माझा फोन पायरीवर पडून काच फुटली. मी नंदुरबारला एका झगमगीत दुकानात नवी काच बसवून घेतली. चाचाकडे टाकला नाही, कारण तो दोन दिवस लावेल आणि वर बोलेल. दुकानात अर्ध्या तासात काम झालं, फोन नव्यासारखा चकाकत हातात आला. त्यानंतर मात्र बोलता बोलता आवाज तुटायचा. मेसेज दुसऱ्या दिवशी यायचे. मी काय म्हणायचे? डोंगर आहे, चालायचंच. आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. औषधं उशिरा आली, डोंगर आहे. मास्तर आले नाहीत, डोंगर आहे. बिचारा डोंगर काही बोलत नाही, म्हणून त्याच्या माथी काहीही मारा.

दोन महिने असे गेले. भाद्रपदातल्या एका दुपारी वरच्या पाड्यावरच्या रुमालीला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. तिचा नवरा दित्या मला फोन लावत राहिला. लावतच राहिला. मी माझ्या क्वार्टरमध्ये टेबलाशी रजिस्टर भरत बसले होते आणि फोन माझ्या समोर, हाताच्या अंतरावर पडला होता. एकदाही वाजला नाही. शेवटी त्यानं मिळेल त्या जीपमध्ये तिला घातलं. घाटातच बाळंतपण झालं. बाळ रडलं नाही, आणि त्याला रडवायचं कसं हे माहीत असलेलं तिथे कुणी नव्हतं. रुमाली वाचली. मी तिथे असते तर बाळ वाचलं असतं का, मला माहीत नाही. हे माहीत नसणं घेऊन मी आजही फिरते.

चौथ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली, फोन बंद ठेवल्याबद्दल. ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, घाबरू नका. डोंगराळ भाग असल्यानं रेंज नव्हती, असं लिहून द्या. सगळे तेच लिहितात. एखाद्या मोबाइलवाल्याचा दाखला जोडा, विषय संपला." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. नोकरी जायची भीती होती, आणि त्याहून मोठी भीती होती रुमालीच्या दारात उभं राहायची. रेंजच नव्हती म्हटलं की दोन्ही मिटत होतं.

मी तशीच चाचाकडे गेले आणि दाखला मागितला. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"डोंगरले नावं ठेवू नको!" असा ओरडला, की बाजारातली माणसं वळून बघायला लागली. "डोंगरनी तुन्हं काय बिघाडं? फोन जठे ऱ्हास, तठे दखनं पडी. मंग दाखला."

दुसऱ्या दिवशी तो जीपनं आला. माझ्या क्वार्टरची चढण लंगडत चढला, पाणीसुद्धा मागितलं नाही. माझं सिम काढून त्यानं आपल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं आणि माझ्या पायरीवर उभा राहिला. रेंजच्या काड्या सगळ्या भरलेल्या. चहावाल्याला फोन लावला, स्वच्छ आवाज आला. मग त्याचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं. तीच पायरी, तेच आभाळ. एक काडी आली आणि तीही गेली.

"दखं? जागा तीच, सिम चांगलं, डोंगर तोच. बाकी कोन ऱ्हायना?"

बाकी राहिला होता माझा फोन. माझ्याकडची शेकायची रबरी पिशवी त्यानं गरम पाण्यानं भरायला लावली, फोनची पाठ शेकून सैल केली, स्क्रू काढले आणि चिमट्याचं टोक आत धरून म्हणाला, "दख." काळ्या दोऱ्याएवढी बारीक वायर होती. अँटेनाची. तिचं एक टोक बसवलेलं, दुसरं नुसतं शेजारी पडलेलं. काच बदलताना त्या दुकानात काढलं होतं आणि परत दाबायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चाचानं ते नखाएवढं टोक जागेवर दाबलं. टक आवाज झाला. काड्या भरल्या. दोन महिने, एक बाळ, आणि दुरुस्ती एवढीच.

मी त्या दुकानाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चाचानं मला पुरतं बोलू दिलं. मग स्क्रू बसवता बसवता वर न बघता म्हणाला, "त्यासनी वायर नई लावी, खरं शे. पन दोन महिना फोन कोना हातमा व्हता?"

मी त्याला म्हटलं, निघा माझ्या घरातून. असंच म्हटलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला. त्यानं सामान गोळा केलं, माझ्याच रजिस्टरातला एक कोरा कागद फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि लंगडत उतरून गेला. कागदावर होतं: "टावर आहे. फोन बिघडलेला होता. अँटेनाची वायर बसवली नव्हती. दोन महिने कोणी बघितले नाही." शेवटची ओळ वाचून मला इतका संताप आला, की कागद चुरगळून चुलीपर्यंत गेले. नोटिशीत होतं त्यापेक्षा भारी हा म्हातारा माझ्याविरुद्ध लिहून गेला होता.

तो कागद जळला नाही, त्याचं कारण दित्या. त्याच संध्याकाळी मी मन घट्ट करून पाड्यावर गेले. रुमाली भिंतीकडे तोंड करून निजली होती. दित्या ओट्यावर बसला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच हळू म्हणाला, "सिस्टर, मला वाटलं तुम्ही कापता फोन. आमचा आहे म्हणून." रागही नव्हता त्याच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. वायर, दुकान, दोन महिने, मी. रेंज होती, हेही सांगितलं. तो उठला, आत जाऊन रुमालीला सांगून आला.

नोटिशीच्या उत्तराला मी चाचाचा कागद जोडला, चुरगळलेला तसाच. आमचे वैद्यकीय अधिकारी साहेब भडकले. "अहो, असं स्वतःहून कुणी लिहून देतं का? रेंज नव्हती म्हणायला काय जात होतं तुमचं?" मीही भडकले. म्हटलं, "साहेब, तसं लिहिलं असतं तर तुम्ही फाइल मिटवली असती आणि बाकीच्या सिस्टरांचे फोन कुणी बघितले असते?" माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला. पडू दे. पण पुढच्या मासिक मीटिंगला चाचाला बोलावणं गेलं. व्हरांड्यात टेबल टाकून तो दिवसभर आम्हा सगळ्यांचे फोन तपासत आणि आम्हाला झापत बसला. आणखी एका सिस्टरच्या फोनची वायर तशीच सुटलेली निघाली. साहेबांच्या फोनला मागे लोखंडी पट्टीचं लोहचुंबकाचं कव्हर होतं. चाचानं सोबत आणलेल्या तेलाच्या डब्यात तेही गेलं.

माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही. जाताना फक्त एवढं म्हणाला, "जी बाई पोटुशी शे, तिन्हा घरथीन रोज सकाय एक रिंग उनी पाहिजे. तू काप. रिंग नई उनी, तं तू ऊठ." तेव्हापासून माझ्या गावांत तोच नियम आहे. सकाळी मिस्ड कॉल येतात, मी कापते आणि वहीत खूण करते. ज्या घरून रिंग आली नाही, त्या घरी निघते.

चाचा मागच्या हिवाळ्यात गेला. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मातीला आलेले लोक म्हणत होते, माणूस चांगला होता, पण फार तापट. मला त्यांची मानगूट धरावीशी वाटली. अरे, तुमच्या बायकांचे, पोरांचे फोन लागावेत म्हणून तापत होता तो! गोड बोलणाऱ्या दुकानानं काय केलं ते मी बघितलं आहे. त्याच्या टपरीत आता रंगीबेरंगी कव्हरं विकतात. मी त्या बाजूनं जात नाही.

या श्रावणात रुमालीचा पुन्हा आठवा महिना लागला होता. दित्याची रिंग रोज यायची. एका सकाळी आली नाही. मी उलट लावला, लागला नाही. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि माझ्या तोंडावर ते जुनं 'डोंगर आहे, चालायचंच' आलंच होतं. गिळलं. आमच्या रुग्णवाहिकेला फोन केला, बॅग उचलली आणि पाड्याची चढण चढायला लागले.

अर्ध्या वाटेत दित्या समोरून पळत येताना दिसला, चिखलानं भरलेला. रुमालीला पहाटेपासून कळा सुरू होत्या. दुपारी, दवाखान्याच्या खाटेवर, मुलगी झाली. पहिल्याच दमात अशी रडली, की दाराबाहेर दित्यालाही ऐकू गेलं.

पण ते दुपारी. सकाळी, त्या चढणीवर, धापा टाकत तो मला म्हणाला, "सिस्टर, कळांच्या गडबडीत रिंग राहिली, आणि तुमचाही येईना, रेंजच नाही डोंगरात. मी पळतच होतो, वाटेत तुमचा येईल म्हणून फोन जवळच ठेवला, भिजू दिला नाही." आणि त्यानं छातीशी धरलेलं दाखवलं. स्टीलचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला.

मी तो डबा त्याच्या हातातून हिसकला. भर पावसात, जिंदगीत ओरडले नव्हते एवढ्यानं ओरडले, आणि जे तोंडातून निघालं ते माझं नव्हतंच.

"डोंगरले नावं ठेवू नको! यामा भाकर ठेव!"