पणजीने न मारलेली डुबकी

माझ्या पणजीला जेरुसलेममध्ये कुणी ज्यू मानलं नाही.

म्हणून मी ठाणेकर.

आज तिचा स्मृतिदिन. सकाळीच दिवा लावला.

मी बोलतेय, नात टाइप करतेय. "आजी, हळू बोल ना" चाललंय तिचं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास गप्प बसते, आजी जरा भरभर बोलली तर हिला जड होतं.

तर, आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. घरात मराठी, गळ्यात मंगळसूत्र, आणि शनिवारी कामाला हात लावायचा नाही.

पणजीच्या सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद, म्हणून लोक शनवारतेली म्हणायचे.

आम्ही कोण, हे ठाण्यात कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

प्लेग यायच्या आधीची गोष्ट. सासऱ्यांनी मनात घेतलं, मरायचं तर जेरुसलेमला. तिथल्या डोंगरावर पुरलं की माणूस देवाच्या दारातच झोपला म्हणायचा.

घाणा विकला आणि बोटीत बसले. सासरे, पणजी आणि पणजोबा.

पणजोबांना या गोष्टीत काम एकच, सामान उचलणं. पणजी तरी तसंच सांगायची.

तिथे पुरुषांचे काळे झगे, लांब दाढ्या. बायकांची डोकी घट्ट बांधलेली.

आणि त्यात आमची पणजी. नऊवारी, नाकात नथ, हातभर हिरव्या बांगड्या.

पाणी भरायला हौदावर गेली, तर बायका घागरी विसरून हिलाच बघत बसल्या.

तुझ्या हातचं खाणार नाही, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. हिने दिलेलं ताट घ्यायच्या, गोड हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत आणून द्यायच्या.

बोलायला एकच माणूस. शेजारची म्हातारी, खातूनबाई. मूळची बगदादची, पण काही वर्षं मुंबईत काढलेली, म्हणून मोडकंतोडकं हिंदुस्थानी यायचं.

एकदा सासरे तापाने पडले. पणजीने नवस बोलला. ते उठून बसले.

मग नवस फेडायला तिने मलिदा केला. आमच्यात एलियाहू नबीच्या, म्हणजे आमच्या प्रेषिताच्या नावाने करतात. ठाण्याहून नेलेले पोहे, गूळ, खोबरं, भोवती फळं. आणि वर हौसेने एक गुलाब.

त्या गुलाबानेच घात केला.

बायका दारात जमल्या. ताट बघितलं, फूल बघितलं, त्यांना वाटलं मूर्तीची पूजा चाललीय. एक तर वाकून खाटेखाली शोधायला लागली.

"लडकी, ये पूछती है, बुत किधर छुपाया?" खातूनबाई म्हणाली.

"खाटेखाली माझे जोडे हैं. पाहिजे तो पाया पडो, बोलो."

खातूनबाईने हे काही पुढे सांगितलं नाही. मूठभर मलिदा तोंडात टाकला, "मीठा कम है" म्हणाली आणि दुसरी मूठ घेतली.

पण बोभाटा व्हायचा तो झालाच. तिथल्या ज्यू समाजातली वडीलधारी मंडळी घरी आली.

माणसं वाईट नव्हती हो. सासरे आजारी असताना त्यांनीच शेगडीला कोळसे पाठवलेले, उशाशी बसून प्रार्थना म्हटलेल्या.

खातूनबाईच्या तोंडून म्हणाले, तुम्ही इतक्या लांबचे, पिढ्यान्‌पिढ्या तुम्हाला कुणी पाहिलेलं नाही, आमच्या मनात शंका आहे. तिघांनी आमच्या कुंडात विधीची डुबकी घ्या. आजपासून ज्यू झालो म्हणा. मग डोंगरावर जागा नक्की.

त्यांना वाटत होतं, ते दार उघडतायत.

पणजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची पोर. म्हाताऱ्याची एवढी एकच इच्छा, आणि ती एका डुबकीवर अडलेली.

"मामंजी, घेऊया ना. मी तळ्यात पोहणारी, पाण्याला काय घाबरायचं?"

"पाण्याचं काही नाही गं, सूनबाई. वर आल्यावर हे म्हणणार, आता झालात. मग माझा बाप कोण होता? दर शनिवारी घाणा बंद ठेवून अर्धपोटी झोपायचा, तो कोण होता?"



सासरे खातूनबाईकडे वळले. "बाई, इनको बोलो, मेहरबानी. जगह और किसीको दे दो."

हे मात्र तिने शब्दन्‌शब्द सांगितलं.

मंडळी उठली. त्यातला सगळ्यात म्हातारा दारापर्यंत जाऊन परत आला. सासऱ्यांचा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती.

निघायच्या दिवशी खातूनबाईने त्या डोंगरावरची माती रुमालात बांधून दिली. आणि पणजीच्या बांगड्यांवरून हात फिरवत खूप रडली.

ठाण्यात पाऊल ठेवलं, तर गल्लीतल्या बायका म्हणतात, "आली गं आली, जेरुसलेमवाली मडम आली!"

सासरे पुढे इथेच गेले. खाडीच्या वाऱ्यात पुरलं त्यांना. ती माती उशाला ठेवली.

मी लहानपणी पणजीला विचारलेलं, "खरं सांग, तू मारली असतीस डुबकी?"

"मारली असतीस काय विचारतेस? पदर खोचून उभी होते मी!"

"मग अजून वाईट वाटतं?"

"वाटतं ना. त्यांना तो डोंगर मिळायला हवा होता."

मग एकदम हसायला लागली.

"पण काय ताठ मानेने बोटीत चढला गं म्हातारा! आजारी माणूस, पण मला हात धरू दिला नाही. मीच मागून धापा टाकत चाललेय."

पणजी, तू आणि तुझे मामंजी, दोघं इथेच आहात, आमच्याजवळ.

निवांत झोपा. आम्हा सगळ्यांचा नमस्कार.