धाकटीच्या हातचा गळा

आमच्या गावात एका कामाला एकच घर असायचं. विळ्याला धार लावायची तर लोहार, दाराची चौकट वाकडी झाली तर सुतार, वखराचं लोखंड तुटलं तर नाक्यावरचे वेल्डिंगवाले चाचा. आणि ब्लाउज शिवायचा तर मी. दुसरीकडे जायचं म्हणजे आर्णी गाठावी लागे, म्हणून बायका निमूटपणे माझ्याकडेच यायच्या. मला ते फार आवडायचं. आजचं काम मी परवावर ढकलायची, तरी कोणी हूं की चूं करायचं नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि पांढरकवड्याची जाऊ घरात आली, आंदणात मोटारवाली शिलाई मशीन घेऊन. सासूबाईंनी ती मशीन समोरच्या खोलीत खिडकीजवळ ठेवायला लावली. माझी पायाची मशीन मागच्या पडवीत. "मांगं बी उजेड चांगला आहे, ताई," जाऊ म्हणाली. खरंच चांगला होता. तरी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

वर्षभरात सगळ्या बायका तिच्याकडे. मागं माझ्यापर्यंत कोणी पोचेचना. पाठीला गोल खिडकी काय, डोरी काय, लटकन काय! "धाकटीच्या हातचा गळा पाह्य व," असं त्या माझ्यादेखत म्हणायच्या. माझ्याकडे उरल्या म्हाताऱ्या आणि उशांचे अभ्रे. चिडून मी तिच्या चहात साखर कमी टाकायची, तर ही म्हणे, "ताईच्या हातचा चहा मस्तच राह्यते." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एकदा ती माहेरी गेली असताना मी तिच्या मशीनजवळची पिशवी उघडली. आमच्याकडच्या बायका अंगाला टेप लावू देत नाहीत, लाजतात. नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज मापाला देतात. पिशवीतला असा एक ब्लाउज मी उलटा केला. आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडलेलं, काखेजवळ मुंड्याला दुहेरी शिलाई. माझ्या हातचा! दुसराही माझा. तिसराही. म्हणजे हिची सगळी कटिंग माझ्या ब्लाउजवरून खडू फिरवून! मी इतकी खूश झाले की तडक नळावर गेले आणि चारचौघींत सांगून टाकलं, "थे माप मायं आहे! तिचं काय आहे त्याच्यात?"

"मंग?" शेजारीण हंडा भरता भरता म्हणाली. "अंग त आमचंच हाये. गळा तिचा पाह्यजे."

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोरीचं लग्न ठरलं. आमच्या गावात कारागिराच्या पोरीबरोबर त्याच्या हातची एक तरी वस्तू सासरी जाते. लोहाराच्या पोरीबरोबर विळी गेली, सुताराच्या पोरीबरोबर पाट, चाचांनी तर स्वतः जोडलेली लोखंडी आलमारी पाठवली. माझ्या पोरीच्या अंगावर लग्नात माझ्या हातचा ब्लाउज असणार, हे मी ती पाळण्यात होती तेव्हापासून धरून चालले होते. आर्णीहून अस्तर आणून, भिजवून, वाळवूनसुद्धा ठेवलं होतं.

"आई, ब्लाउज काकूकडूनच शिवून घेते न," पोरगी म्हणाली. "फोटोत गळा दिसते."

"काहून? मायं काय वाईट असते?"

"वाईट नाही वो. साधं असते."

मी उठले. अस्तर उचललं आणि समोरच्या खोलीत नेऊन आपटलं. त्या दिवशी स्वयंपाक केला, पण जेवले नाही.

मग एका दुपारी जाऊच पडवीत आली. पोरगी आजवर ड्रेस घालणारी, तिच्याकडे मापाला द्यायला ब्लाउजच नव्हता. "ताई," जाऊ हळूच म्हणाली, "मले अंगावरचं माप घेता नाही येत. तुमी घेऊन द्या न."

मी तिला मुद्दाम ताटकळत ठेवलं. अभ्र्याची शिलाई संपवली, दोरा तोडला, मग टेप घेऊन पोरीला हाक मारली. पोरीनं हात वर केले. छाती, मुंडा, बाही, पाठ. मी सांगत होते आणि जाऊ लिहून घेत होती. अर्धा इंच कमी सांगावा असं फार फार वाटलं. पण तो अर्धा इंच माझ्याच पोरीच्या काखेत रुतला असता. बरोबर सांगितलं.

लग्नाच्या दिवशी ब्लाउज असा बसला की एक सुरकुती नाही. पोरीभोवती बायकांचा घोळका झाला. "कोणं शिवला व?" शेजारणीनं विचारलं.

"काकूनं," पोरगी म्हणाली. मी तिथंच अक्षतांचं ताट घेऊन उभी होते.

तेवढ्यात जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताईनं माप घेतलं नसतं न, त मले काहीच जमलं नसतं. हे ताईचंच काम होय."

माझे डोळे भरून आले. शेवटी बोलली बया! मी मान वर करून बायकांकडे पाहिलं. त्या सगळ्या तिच्याकडेच पाहत होत्या.

"पाह्य व," शेजारीण म्हणाली, "धाकटीचं मन किती मोठं हाये!"