टीम बाहेर पडेपर्यंत

मामींचा फोन आला तेव्हा मी युनिव्हर्सिटीतून परतीच्या बसमध्ये होते. "बाय, तुझे मामा गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज येत राहिला... कुणीतरी चेंडू लांब मारला होता आणि निवेदक ओरडत होता. इनासमामा दुपारची बेसबॉलची मॅच लावून खुर्चीत बसले होते. मामी चहा घेऊन आल्या, तोवर सगळं संपलं होतं. हार्टचा त्रास जुना होता, तरी आदल्याच रविवारी त्यांनी मला नेहमीसारखं हसत विचारलं होतं, "काय बाय, तिकीट काढू का?"

या प्रश्नाबद्दल लिहावं असं काही आठवड्यांपासून वाटतंय. मला असं लिहायची सवय नाही, पण वसईत माझे वडील हे वाचतील, आणि मामा इथे माझ्यासाठी कोण होते ते त्यांना फोनवर मला कधी नीट सांगता आलं नाही.

इनासमामा माझ्या आईचे मामेभाऊ. तरुणपणी वसई सोडून कॅनडात आले, टोरांटोच्या विमानतळावर सामान चढवायची नोकरी केली, मिसिसागात एक लहानसं घर घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. २०१६ साली मी शिकायला आले ती त्यांच्याच बेसमेंटमध्ये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील केळीच्या वाडीत राबणारे, आई बाजारात फुलं विकणारी. निघताना सगळ्या आळीने मला हार घातले होते, आणि इथे पोचल्यावर वर्गात सर काय बोलतायत ते निम्मंसुद्धा कळेना.

मामांच्या घरी संध्याकाळी सात वाजता रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असे. टोरांटोच्या टीमची मॅचही बहुतेक सातलाच सुरू व्हायची. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांनी यावर एक तोडगा काढला होता. टीव्ही चालू, पण आवाज बंद, आणि मामांनी पाठ टीव्हीकडे करून समोरच्या भिंतीवरच्या लहानशा वेदीकडे तोंड करून बसायचं. मामींना वाटे की प्रश्न मिटला. पण वेदीवर येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर होती आणि तिच्या काचेत अख्खा टीव्ही दिसायचा. उलटा दिसायचा, म्हणजे पहिल्या बेसकडे धावणारा खेळाडू तिसऱ्याकडे चाललाय असं वाटायचं. मामांना त्याची सवय झाली होती. एकदा भर रोजरीत ते पुटपुटले, "अरे धाव, धाव..."

"अहो, डोळे मिटा," मामी म्हणाल्या.

"मिटलेत की."

"मग 'धाव' कुणाला म्हणालात? येशूला?"

"त्यालाच. संकटात धाव म्हणालो."

मामींनी हसू दाबत पुढचा मणी ओढला.

त्या सप्टेंबरात माझा पहिला निबंध परत आला. त्यावर लाल शाईत लिहिलेल्या शेऱ्यांचा अर्थही मला लागला नाही. शेवटी एक ओळ होती, 'ऑफिस अवर्समध्ये येऊन भेटा.' ऑफिस अवर्स म्हणजे सर कामात असतात ती वेळ, तेव्हा त्रास द्यायचा नाही, असं मी धरून चालले होते. म्हणजे आता बोलावलंय ते काढून टाकायलाच... विचारणार कुणाला? त्या संध्याकाळी जेवताना मी मान खाली घालूनच म्हटलं, "मामा, मला परत जायचंय. हे मला जमणार नाही."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मामा टीव्हीकडे बघत होते. टीम हरत होती. महिनाभर पुढे असलेली टीम नेमकी सप्टेंबरात घसरायला लागली होती, प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, हातून जातात की काय अशी वेळ आली होती.

"बरं, जा," ते म्हणाले. "पण टीम बाहेर पडेपर्यंत थांब. ज्या दिवशी बाहेर पडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं तिकीट काढतो. शब्द दिला."

"आणि बाहेर पडलीच नाही तर?"

"सगळ्या टीम बाहेर पडतात गं. एक सोडून."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून टीम हरायची वाट बघू लागले. मामांना ते दिसत होतंच. समोरच्या टीमने धाव काढली की ते माझ्याकडे भात सरकवत म्हणत, "खा बाय, तुझं विमान जवळ आलं." आणि आपली टीम जिंकली की, "आज जरा लेट आहे हं." मी चिडायचे. पण टीम उद्याही खेळणार म्हटल्यावर मलाही उद्या कॉलेजला जावं लागायचं. असाच एकेक दिवस पुढे ढकलला जात होता.

त्यातल्याच एका दिवशी ते म्हणाले, "तुझ्या सरांकडे जाऊन येऊ. जायचंच आहे तर भिऊन कशाला?" दारापर्यंत ते सोबत आले आणि बाहेर बाकावर टीमची टोपी घालून बसले. सरांनी मला काढलं नाही; ऑफिस अवर्स ही विद्यार्थ्यांसाठीच राखलेली वेळ असते, हे मला तिथे कळलं. त्यांनी पाऊण तास बसून निबंध कसा रचायचा ते समजावलं. दार उघडून मला सोडायला आले तर समोर ती टोपी. मग बाप रे! कालच्या मॅचमध्ये चेंडू टाकणारा पिचर लवकर का बदलला यावर दोघं इतका वेळ वाद घालत उभे राहिले की मलाच सांगावं लागलं, "मामा, बस जाईल."

सीझनच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, टीम बोस्टनमध्ये खेळत होती; जिंकली की प्लेऑफ पक्का. चर्चमधून मिस्सा आटोपून येऊन आम्ही कपडे न बदलताच टीव्हीपुढे बसलो. आपली टीम एकाच धावेने पुढे होती. बोस्टनचा शेवटचा खेळाडू बाद झाला तेव्हा मी उभी होते, दोन्ही हात वर करून. मामांनी टीव्ही सोडून माझ्याकडे बघितलं. मामींना हाक मारून म्हणाले, "चहा टाक गं, विमान रद्द झालं."

टीम बाहेर पडली ऑक्टोबरच्या मध्यानंतर, आमच्याच मैदानावर. दुसऱ्या दिवशी मामा खरंच कॉम्प्युटर घेऊन बेसमेंटमध्ये उतरले. चष्मा लावला. "काय बाय, तिकीट काढू का?"

"पुढच्या आठवड्यात मिडटर्म आहे," मी म्हटलं. "ती होऊ दे."

त्यांनी कॉम्प्युटर मिटला. मग दरवर्षी टीम बाहेर पडली की तो प्रश्न यायचा, आणि दरवर्षी माझ्याकडे काहीतरी कारण असायचं. आता माझं शेवटचं वर्ष आहे, आणि हल्ली मी वेगळी खोली घेऊन राहते.

गेल्या शुक्रवारी मी मामींकडे गेले होते. खुर्ची होती तिथेच आहे, हातावर टोपी अडकवलेली. मामी म्हणाल्या, "माझी बहीण रोज फोन करते. एकटी काय करतेस तिथे, घर विक आणि ये वसईला, म्हणते. तिचंही खरं आहे..."

मी पटकन म्हणाले, "मामी, टीम बाहेर पडेपर्यंत थांबा ना."

"ती तर केव्हाच पडली. मामा असतानाच," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. यंदा टीम उन्हाळ्यातच शर्यतीतून गेली होती.

सात वाजले. मामींनी मेणबत्ती लावली, रोजरी हातात घेतली आणि थांबल्या. "बाहेर पडली तरी खेळतात का गं अजून?"

"हो मामी. सीझन संपेपर्यंत खेळतात."

"मग लाव. आवाज बंद कर."

मी टीव्ही लावला. मामी मामांच्या खुर्चीत, टीव्हीकडे पाठ करून बसल्या. आम्ही प्रार्थना सुरू केली. तसबिरीच्या काचेत पांढऱ्या कपड्यांतली छोटी माणसं उलटी धावत होती. मी डोळे किलकिले करून बघितलं तर मामींचे डोळे उघडे होते. दोन मण्यांच्या मध्ये त्या हळूच म्हणाल्या, "हा धावतोय तो आपला ना?"