चौदावा रकाना

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यात सगळे खोडाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कोणात नव्हती. माल घेऊन गाडी निघायची वेळ झाली की हमखास त्यांच्या टेबलावर काहीतरी अडायचं, आणि पॅकिंगवाले, ड्रायव्हर, साहेब सगळे घड्याळाकडे बघत ताटकळायचे. ‘घातला बाईने खोडा’ म्हणून हसणाऱ्यांत मीही असायचे. आम्ही दोघी जावा एका घरात आणि एकाच कारखान्यात. माझं टेबल सोल्डरिंगचं, त्यांचं तपासणीचं. घरी भाजी निवडताना त्यांचं ऐकायचं आणि कामावर बोर्ड पुढे सरकवताना पुन्हा त्यांचंच.

खरं सांगते, त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. सासूबाईंच्या गोळ्या मी काढून दिल्या तरी त्या परत मोजायच्या. गॅस मी बंद केला तरी बटण फिरवून बघायच्या. दहावी नापास बाई, पण मीटर वाचायला शिकल्या एका म्हाताऱ्या फोरमनकडून, आणि मग बावीस वर्षं त्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

आम्ही रुग्णाच्या उशाशी ठेवायचं यंत्र बनवतो. त्यातून एक बारीक केबल निघते, टोकाला चिमटा, तो बोटाला लावला की पडद्यावर नाडी दिसते. केबलला करंट जातो बोर्डावरच्या एका स्विचमधून. तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा. वर्षानुवर्षं चिकटवूनही त्याचं काम मला ठाऊक नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत जाऊबाईंनी समजावलं.

“साधा स्विच म्हणजे नुसता दार उघडणारा. किती जण घुसले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपला हा मोजून सोडतो. अर्ध्या अँपिअरच्या वर कितीही ओढा, देणार नाही. ओढाताण चालूच राहिली तर हा तापतो आणि दार लावून घेतो. थोड्या वेळाने किलकिलं करून बघतो. बाहेर अजून गोंधळ असेल तर परत बंद.”

“म्हणजे तुमच्यासारखाच,” मी म्हटलं.

“माझ्यापेक्षा बरा. तो परत उघडतो तरी.”

तपासणीच्या कागदावर पंधरा रकाने होते. चौदाव्यात केबलच्या जागेची दोन टोकं मुद्दाम तारेने जोडायची, म्हणजे शॉर्ट करायचं, आणि मीटर बघायचा. काटा अर्ध्या अँपिअरवर अडायला हवा, मग स्विचने बंद व्हायला हवं, आणि तार काढली की आपोआप सुरू. दहांतला एक बोर्ड असा तपासला तरी चालेल, असं वरून सांगितलेलं. जाऊबाई प्रत्येक बोर्ड तपासायच्या. साहेबांनी टोकलं तर म्हणायच्या, “उरलेल्या नऊ जणांना बोटं नसतात का?”

मग रुग्णालयांतून तक्रारी यायला लागल्या. यंत्र मधेच बंद पडतं, पडदा लुकलुकतो, परत सुरू होतं. दुरुस्तीवाला जाऊन आला, त्याला काही सापडलं नाही. जाऊबाई सुट्टीच्या दिवशी भेटीच्या वेळेत एका वॉर्डात जाऊन बसल्या. ना ओळख ना पाळख, कुणाच्यातरी पलंगाशेजारी स्टुलावर. दोन तासांत त्यांना कळलं. पलंगाचा कठडा वर केला की केबल त्याच्या सांध्यात चेंगरायची, आतल्या तारा एकमेकींना टेकायच्या आणि स्विच आपलं काम चोख करून करंट तोडायचा. कठडा खाली केला की सगळं सुरळीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, केबल जाड करा, नाहीतर दुसऱ्या बाजूने काढा. पण केबल बदलायची म्हणजे नवा साचा, नवी मंजुरी, चार महिने. स्विच बदलायला एक फोन पुरला. नवा स्विच तेवढाच, पाय तेवढेच, फक्त मोजण्याची भानगड नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. तक्रारी बंद झाल्या आणि साहेबांची पाठ थोपटली गेली.

नव्या स्विचचा पहिला बोर्ड जाऊबाईंनी शॉर्ट केला तेव्हा मी शेजारीच उभी होते. काटा सरळ दुसऱ्या टोकाला गेला. तार लाल झाली, त्यांचा अंगठा पोळला. तो त्यांनी तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने पुढचा बोर्ड ओढला. चाळीसच्या चाळीस बोर्ड तपासले, चाळीस कागदांवर ‘नापास’ लिहिलं आणि खाली सही केली.

साहेब आले. “ताई, नव्या पार्टमध्ये ती सोयच नाही, तर तपासायचं काय?”

“सोय नाही म्हणूनच नापास.”

“अहो, यंत्रातल्या बॅटरीला तिचं स्वतःचं संरक्षण आहे.”

“आहे ना. ते चार अँपिअरला जागं होतं. ती केबल केवढीशी. दोनातच कातडी भाजेल.”

दुसऱ्या दिवशी नवे कागद छापून आले. रकाने चौदा. शॉर्टचा रकाना गेला होता. जाऊबाईंनी सही करायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी त्यांना पॅकिंगला पाठवलं आणि खुर्ची मला दिली.

मला ती खुर्ची हवी होती, हे मी लपवत नाही. तिला पाठ होती. आठ-आठ तास स्टुलावर बसून माझं कंबरडं मोडलं होतं. आमच्या ह्यांचं काम सुटलं होतं, घरात त्यांच्या बाजूची मिळकत शून्य. साहेबांनी त्याच बोर्डांचे चाळीस कोरे कागद पुढ्यात ठेवले, मी चाळीस सह्या केल्या. जाऊबाईंचे कागद त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेले. कुठे, ते मी विचारलं नाही. न विचारण्याचीही सवय होते.

सात महिन्यांनी झालं. अर्धांगाचा रुग्ण, वाचा गेलेली, एक हात लुळा. तो हात कठड्याला टेकलेला आणि त्याच्याखालून केबल. कठडा वर झाला, केबल चेंगरली. जुना स्विच असता तर यंत्र बंद पडून लुकलुकलं असतं, नर्स चरफडत आली असती, तिने कठडा हलवला असता. आता करंट निमूट जात राहिला. त्या माणसाला हाताचं काही कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी सांगणार कसं? वास आला तेव्हा लोक धावले. त्याची दोन बोटं काढावी लागली.

चौकशीला दोन माणसं आली. साहेबांच्या खोलीत आम्हाला एकेक करून बोलवायचं ठरलं होतं, पण जाऊबाई पॅकिंगमधून उठून सरळ आत आल्या. तेव्हा माझीच पाळी चालू होती. त्यांनी सगळं सांगितलं, कठड्यापासून रकान्यापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

चौकशीवाल्याने विचारलं, “लेखी काही आहे?”

“चाळीस कागद आहेत. माझी धाकटी जाऊ शेजारी उभी होती. तिला विचारा.”

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी त्यांना खात्री. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या बाईने मला तेवढं तपासलं नव्हतं. साहेब टेबलावरची फाइल उगाच सारखी करत होते. फाइलमध्ये कागद चाळीसच होते, माझ्या सह्यांचे.

मी म्हटलं, “मला तसं काही आठवत नाही.”

अहवालात आलं की रुग्णालयातल्या लोकांनी केबल नीट हाताळली नाही. उपाय म्हणून यंत्रावर एक पट्टी चिकटवायची ठरली: केबल दाबू नये. पट्ट्या चिकटवायचं काम पॅकिंगचं. जाऊबाईंनी ते केलं नाही, आणि त्याच दुपारी बावीस वर्षांच्या नोकरीतून त्यांना घरी पाठवलं. कटकट गेली, असं मीही लोकांबरोबर म्हटलं. म्हटलं म्हणजे मान हलवली.

संध्याकाळी घरी गेले तर त्या ओट्यापाशी उभ्या, रोजच्यासारख्या. मला वाटलं भांडतील. चार शिव्या दिल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. मी कढईत पाणी ओतलं, कांदे घेतले, चिरायला लागले. कढईकडे बघतच त्या बोलल्या.

“खोटं बोललीस, ते मला समजतं. घर चालवायचंय तुला.”

त्यांनी गॅस बारीक केला.

“आज किती बोर्ड पास केलेस?”

“बासष्ट,” मी म्हटलं.

त्यांनी कढईवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि आपल्या खोलीत गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी अठ्ठावन्न पास केले.