एका पोस्टची चतुःसीमा

आमच्या साडूबुवांइतका सरळ माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या सरळपणाचा ताप ज्याला झाला नाही असा नातेवाईकही सापडणार नाही. हे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. जन्मभर मोजणीदार म्हणून शेतांच्या हद्दी मोजल्या आणि निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही म्हणून शहरातल्या लोकांसाठी ऑनलाइन चर्चामंच काढला. नळाला पाणी कधी येणार इथपासून ते रस्त्यातल्या खड्ड्यांपर्यंत कुणीही यावं, काहीही बोलावं. फक्त एखादी पोस्ट काढून टाकायची वेळ आली, की साडूबुवांच्या अंगात जुना मोजणीदार संचारतो.

इतर ठिकाणी मंच चालवणारे बटण दाबून मोकळे होतात. आमचे साडूबुवा पोस्ट आधी नुसती झाकून ठेवतात, लिहिणाऱ्याला नोटीस काढतात, दोन पंच बोलावतात आणि कागदावर पंचनामा लिहून त्याचा फोटो सगळ्यांना दिसेल असा मंचावर लावतात. खाली ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याची सही हवीच. पंचनाम्यात पोस्टची चतुःसीमासुद्धा असते. 'वर: सुप्रभातचा गुलाब. खाली: शेळी हरवल्याची जाहिरात.' एकदा ताईंनी, म्हणजे त्यांच्याच सौभाग्यवतींनी, शेजारणीच्या पापडांवर दोन तिखट ओळी लिहिल्या. त्याचाही पंचनामा झाला आणि खाली शेजारणीची ठसठशीत सही! तो आठवडाभर साडूबुवा आमच्याकडे जेवायला होते.

माझी पाळी उन्हाळ्यात आली. जालन्याच्या मस्तगड भागात आमच्या गल्लीत अकरा दिवस नळाला थेंब नव्हता आणि मागच्या गल्लीत लोक अंगणात सडा घालत होते. माझं डोकं फिरलं. आमच्याकडे व्हॉल्व्ह सोडायला येणाऱ्या माणसाचं नाव घालून मी लिहिलं, की हा मुद्दाम पाणी तिकडे वळवतो, याला कामावरून काढा. पुरावा काडीचा नव्हता. पाचव्या मिनिटाला पोस्ट झाकली गेली आणि नोटीस आली. मी तडक फोन लावला.

"साडूबुवा, निदान नातं तरी बघा! लोक हसतील मला."

"नातं बघून मोजायचं तर मंग मोजणी कशाला म्हणायची?" ते शांतपणे म्हणाले. "पुरावा असंल तर द्या, बिलकुल उघडतो. पण तो कंत्राटावरचा गडी हाय. तुमच्या दोन ओळींनी घरी बसंल."

संध्याकाळी व्हॉल्व्हवाला, साडूबुवा आणि पंच म्हणून माझेच दोन शेजारी गल्लीच्या तोंडाशी जमले. व्हॉल्व्हवाल्यानं लांब लोखंडी चावी लावून सगळ्यांसमोर जोर केला. चावी पुढे फिरेना; आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा होता.

"बघा साहेब," तो मला म्हणाला, "चार दिवसांपासून सांगून राह्यलो, खाली कुठंतरी पाइप फुटला. कुनी ऐकतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी खोदलं, तर चौकाजवळ पाइप खरोखरच फुटलेला निघाला. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. पहिली बादली भरताना मला आनंद पाण्याचा झालाच, पण खरं सांगतो, ती पोस्ट पाचच मिनिटं दिसली याचा त्याहून जास्त झाला. त्या माणसाचं काम शाबूत होतं. छातीवरचा धोंडा उतरला.

पंचनामा मात्र माझ्या नावासकट मंचावर होता. आठ दिवसांनी मी हळूच विषय काढला, की आता तो काढून टाकायला हरकत नसावी.

"हद्दीचा दगड उपटत नसतात," साडूबुवा म्हणाले. "तुम्ही एकदा सगळे पंचनामे पहिल्यापासून वाचा. मंग बोला."

मी वाचत मागे मागे गेलो. पंचनामा क्रमांक एक खुद्द साडूबुवांचा निघाला. मंच नवा असताना, कुणाच्या तरी सांगण्यावरून, त्यांनी लिहिलं होतं की नोकरीत वीस वर्षं मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरणारा त्यांचा सोबती हद्दीचे दगड सरकवायचा. ते खोटं होतं. पण तेव्हा झाकणारं कुणी नव्हतं आणि पोस्ट दोन दिवस तशीच राहिली. सोबती मंच सोडून गेला. रोज संध्याकाळी चहाला यायचा, तेही थांबलं.

पंचनामा काढून टाकण्याचा हट्ट मी परत केला नाही. माझ्या पंचनाम्याखाली व्हॉल्व्हवाल्याची वेडीवाकडी सही आहे, आणि ती बघून मला अजूनही हायसं वाटतं. साडूबुवांच्या पंचनाम्यात ती जागा कोरी आहे. दर महिन्याला ते त्या सोबत्याला सहीसाठी नव्यानं नोटीस पाठवतात, आणि ताई रोज संध्याकाळी चहाचं आधण एक कप जास्तच ठेवतात.