हंड्यातली जांभळीची डहाळी

आधीच सांगून टाकते, भूतबीत, करणी-भानामती यातलं मी काहीही मानत नाही. आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे मी. आमच्या नोकरीत भुतांपेक्षा ऑनलाइन रिपोर्टिंगची धास्ती जास्त. त्यामुळे "मॅडम, नारळ उतरवून टाका" असल्या कमेंट कृपया नकोत... मला फक्त हे कुणापाशी तरी बोलायचंय. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुला रजेची गरज आहे." तेही खरंच आहे म्हणा.

घर नाशिक रोडला, नोकरी सुरगाणा तालुक्यात, पार गुजरातच्या हद्दीला. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचं, शनिवारी घरी यायचं. माझ्या हद्दीतला सगळ्यात उंचावरचा जो पाडा आहे, त्याचं नाव लिहीत नाही. डांबरी रस्ता संपतो तिथे स्कूटी लावायची आणि पुढे टेकडी चढायची. कुडाची पंधरावीस घरं. दारोदार नळ बसवलेत, छान चकचकीत, लोक त्याला शेळ्या बांधतात. पाणी यायचंय अजून. प्यायचं पाणी खाली ओहोळाच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून आणायचं. उतरायला काही नाही, पण भरला हंडा घेऊन तो चढ चढताना भल्याभल्यांचा घामटा निघतो. पाणी हिंदकळू नये म्हणून तिथल्या बायका हंड्यात पाल्याची डहाळी टाकतात. हाताला येईल ती. पाड्यावरची हिरा नावाची एक सून तेवढी हटकून जांभळीची टाकायची, पाण्याला वास बरा येतो म्हणून.

दिवाळी झाली की पाडा रिकामा. सगळे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात ते थेट शिमग्याला परत. मागे राहतात म्हातारी माणसं. त्यातलीच जमनाआजी, हिराची सासू. तिचा खुबा मोडलाय. बसल्या बसल्या सरकत दारापर्यंत येते, तेवढंच तिचं जग. हिराने जाताना नागलीचं पीठ, डाळ, सरपण सगळं हाताशी लावून ठेवलं होतं. पाण्याचं काम नणंदेवर सोपवलं, ती खालच्या गावात राहायची.

राहायची म्हणते, कारण हिरा गेली आणि पाठोपाठ नणंदही नवऱ्याबरोबर कामाला गेली. हे मला कळलं महिन्याभराने! आजीच्या बीपीच्या गोळ्या घेऊन निघाले होते, खालच्या गावात सहज विचारलं, तेव्हा. म्हणजे महिनाभर म्हातारीला पाणी द्यायला कुणीच नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी चढताना कुठे टेकलेही नाही. वर काय बघायला मिळणार याची मनाशी तयारी करतच चालले होते.

तर आजी दारात ऊन खात बसलेली! ठणठणीत!

"आजी, पाणी आहे का?"

"हाये ना. पी."

आत हंडा काठोकाठ भरलेला. बाहेरून ओला, पाणी गारेगार. वर जांभळीची डहाळी... ताजी, नुकती मोडलेली.

"कोण भरतं गं हे?"

"कोन म्हंजी? सून भरती."

"हिरा दिंडोरीकडे आहे आजी. कामाला."

"हां, कामालाच गेलीये. उजाडायच्या वक्ताला येती, हंडा ठेवती, जाती. बोलत नाय. लय दमल्याली ऱ्हाती, मंग मी बी नाय बोलवत."

म्हटलं झालं, म्हातारीला भ्रम झाला. वयाने होतं असं. पण भ्रमाने हंडा भरत नाही ना! पाड्यावर उरलेल्यांत झिऱ्यावर उतरू शकणारा एकच, शेळ्या राखणारा काशीरामबाबा. तोही काठी टेकत जातो आणि डबाभर पाणी आणतो. त्याला गाठलं.

"मी नाय बाई," तो म्हणाला. "माझंच मला आणवत नाय. आमाला वाटलं तूच कोनाला लावलंय कामाला."

"सकाळी कुणी दिसतं का वाटेवर?"

"वाट ओली दिसती. मानूस नाय दिसत."

यानंतर मी दर आठवड्याला वर जायला लागले. गोळ्या हे निमित्त. पंचायतीत सांगितलं, कुणाला तरी लावा. "बघू" म्हणाले. दरवेळी हंडा भरलेला, डहाळी ताजी. हळूहळू मी विचारायचंच सोडलं. खोटं कशाला बोलू, आजीला पाणी मिळतंय ना, मग कोण का भरेना, इतकी मी थकले होते तेव्हा.

मग जानेवारीत हिराच्या लेकराचा लसीचा डोस राहिलाय असं लक्षात आलं. ती कामाला होती तो मळा माझ्या घरच्या रस्त्यावरच. मजुरांच्या मुकादमाला फोन केला आणि शनिवारी जाता जाता मध्येच बसमधून उतरले.

हिरा ताडपत्रीच्या खोपटाबाहेर बसली होती. मी ओळखलंच नाही आधी. पोरगी निम्मी झाली होती. लेकराला डोस दिला आणि म्हटलं, "काय गं ही दशा? झोप लागते का?"

"लागती की शिस्टर. पडले का लागती. पन उठले का सगळं अंग मोडून येतं. मान तर अशी दुखती का विचारू नका."

आता दिवसभर मान वर करून द्राक्षाचे घड औषधात बुडवायचे म्हटल्यावर मान दुखणारच. तसं बोललेही मी. तर म्हणाली, "आन् केस? केस ओले ऱ्हातात सकाळी."

"घाम असेल."

"एवढ्या थंडीत?"

पुढचं विचारायचं नव्हतं मला, पण तोंडातून गेलंच. "स्वप्नं पडतात का?"

"एकच पडतंय. रोज. झिऱ्यावर उतरायचं, भरायचं, चढायचं. सासू दारात बसल्याली. दोन शब्द बोलावं म्हनते, पन जीवच ऱ्हात नाय बोलायला. हंडा ठिवायचा आन् माघारी." मग म्हणाली, "नणंद भरती ना पानी तिकडं?"

सरळ हो म्हणून निघून जायला हवं होतं. नाही जमलं. "नणंद कधीच कामाला गेली हिरा. पण हंडा रोज भरलेला असतो. वर जांभळीची डहाळी असते."

मला वाटलं आता ही किंचाळेल. तिने लेकराचं टोपडं नीट केलं. मग म्हणाली, "तरीच."

एवढंच. लेकराला पदराखाली घेतलं. मी उठले तेव्हा हळूच म्हणाली, "शिस्टर, सासूला येवढं सांगा. पोरगं अंगावर पितंय अजून. पुरा हंडा नाय जमायचा आता. अर्धा आनीन म्हनावं."

बसमध्ये मी तोंडाला ओढणी लावून रडले. शेजारची बाई विचारत होती, कुणी गेलं का?

पुढच्या आठवड्यात वर गेले ते ठरवून, की आजीला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलंही नाही. मी पिशवी खाली ठेवायच्या आतच तिने विचारलं, "बाई, हंडा अर्धाच येतोय गं हल्ली. सूनबाय आजारी हाये का?"

आत जाऊन बघितलं. अर्धा. डहाळी पार खाली गेलेली.

"आजारी नाही आजी. दमलीये."

"दमंल नाय तर काय," आजी म्हणाली. "मी पितेय तरी किती."

खूप डोकं लावलं मी यावर. कुणी चोरून पाणी भरत असेल, तर अर्ध्याचा निरोप त्याला कुणी दिला? हिराच्या मुकादमाला विचारलं, ती मळा सोडून कुठेही गेली नाही. कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, पण तिथला चढ एकदा चढून या आणि मग सांगा.

त्या दिवशी मी कोपऱ्यातली कळशी उचलली आणि झिऱ्यावर उतरले. येताना तीनदा खाली ठेवली, निम्मं पाणी अंगावर सांडलं. आजी हसत होती. आता जाते तेव्हा तेवढी एक कळशी आणून ठेवते.

शिमग्याला अजून वेळ आहे. मी आठवड्यातून एकदाच वर जाते. बाकीचे दिवस हिराच भरते.